शेवटी बोलणारा हकीम

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पोटाच्या दुखण्यासाठी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले. अठरा दिवस मी त्यांच्या उशाशी होतो. त्या दिवसांतील एक दृश्य मनावर कायमचे ठसले. ते म्हणजे सकाळचा राऊंड. नऊ वाजले की वॉर्डबॉय नातेवाइकांना बाहेर काढी, सिस्टर चादरी सारख्या करी, आणि मग मोठे डॉक्टर येत. त्यांच्यामागे सात-आठ जणांचा घोळका असे. अब्बांची खाट दारालगत असल्याने मला बाहेर उभे राहूनही सारे दिसत व ऐकू येत असे. एक किरकोळ बांध्याची मुलगी, बहुधा नुकतीच पास झालेली, हातातील कागद पाहून अब्बांच्या आजाराची हकीकत इंग्रजीत घडाघडा सांगे. तिच्याहून वरचा तिची एखादी चूक दुरुस्त करी. त्याच्याहून वरचा आणखी एखादा मुद्दा घाली. मोठे डॉक्टर नुसते ऐकत. मग अब्बांच्या पोटावर हात ठेवून ते एखादा प्रश्न विचारीत, एक वाक्य बोलत आणि पुढच्या खाटेकडे वळत. त्या एका वाक्याने औषध बदले.

अब्बांचा सारा जन्म बोटीवर गेला. हुद्द्यांची उतरंड त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. चौथ्या दिवशी ते मला म्हणाले, "शेवटी बोलतो तो कप्तान, होय ना रे?"

मी हो म्हटले.

"मग तो माझ्यापाशी मिनिटभरच का थांबतो?"

याचे उत्तर मला देता आले नाही.

दहावीच्या वर्गात "पुढे कोण होणार?" असे विचारले की निम्मे हात डॉक्टरकीसाठी वर जातात. पालकांची चर्चा नीटच्या गुणांपाशी सुरू होते आणि प्रवेशापाशी संपते. प्रवेश मिळाला म्हणजे डॉक्टर झालाच, अशी आपली समजूत! परंतु वॉर्डाची जबाबदारी ज्याच्या शब्दावर चालते, तो मोठा डॉक्टर त्यानंतर किती वर्षांनी, कोणत्या वाटेने तयार होतो, याचा विचार कोणी करीत नाही. मी इतिहासाचा शिक्षक. वैद्यकातले मला काही कळत नाही. पण रुग्णालयातील त्या रिकाम्या दुपारी माझ्या मनात आले की या माणसालाही काही इतिहास असलाच पाहिजे. खाटांच्या रांगांतून शिष्यांसह फिरणारा, आणि सर्वांचे ऐकून घेऊन मग बोलणारा हा गुरू प्रथम कोठे दिसतो?

त्याचे एक जुने आणि स्पष्ट चित्र इराणातील रय या शहरी सापडते. तेथे इ.स. ८६५ च्या सुमारास जन्मलेला अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया अर-राझी हा पुढे रयच्या आणि मग बगदादच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला. या रुग्णालयांना बीमारिस्तान म्हणत. 'बीमार' हा शब्द आपल्याही घरात आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगावयास नकोच. राझीच्या बैठकीचे वर्णन बगदादच्या इब्न अन-नदीमने इ.स. ९८७ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथसूचीत रयच्या एका वृद्धाच्या तोंडून आलेले आहे. मध्ये राझी बसे. त्याच्या खाली त्याचे शिष्य, त्यांच्या खाली त्या शिष्यांचे शिष्य, आणि त्यांच्याही खाली आणखी काही. रोगी आला की प्रथम जो भेटेल त्याला तो आपले दुखणे सांगे. त्याला उमगले तर ठीक, नाहीतर रोगी आतल्या फेरीकडे जाई. तेथेही उलगडा झाला नाही तरच राझी बोले. मी हे वाचले तेव्हा मला आमच्या वॉर्डातील ती किरकोळ मुलगी आठवली. हजार वर्षांपूर्वीही कोणी तरी तिच्या जागी, सर्वांत बाहेरच्या फेरीत, छातीत धडधड घेऊन बसलेले असणारच!

तो वृद्ध आणखीही सांगतो. राझीचे डोके मोठे होते, तो गोरगरिबांशी फार मायेने वागे, त्यांना पदरचे पैसे देई, त्यांची शुश्रूषा करी; आणि कधीही जा, तो काही तरी लिहीत बसलेला असे, कच्चा खर्डा तरी किंवा पक्की प्रत तरी. त्याच्या या टिपणांतूनच त्याच्या मृत्यूनंतर 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने तो इ.स. १९५५ पासून तेवीस भागांत छापला. त्यात एके ठिकाणी राझी सांगतो की, मेंदूच्या दाहाची चिन्हे दिसणाऱ्या रोग्यांपैकी काहींचे आपण रक्त काढले आणि काहींचे मुद्दामच काढले नाही. असे केल्यावाचून उपायाचा गुण कळणार कसा? हे धाडस शिकाऊ हकिमाचे काम नव्हे. हुकूम देणारा आणि परिणामाला उत्तर देणारा एकच असेल, तोच असे करू शकतो. अर्थात त्या दुसऱ्या गटातील रोग्यांना कोणी काही विचारले होते काय, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

राझीविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. बगदादला नवे रुग्णालय बांधणारा अझुदुद्दौला याने शहरातील शंभरांहून अधिक हकिमांची यादी मागविली, त्यांतून पन्नास निवडले, पन्नासांतून दहा, दहांतून तीन, आणि तिघांतून एक राझी. कथा झकास आहे. भाषणात मीही ती एकदा सांगितली आहे. पण राझी वारला इ.स. ९२५ मध्ये, आणि अझुदी रुग्णालय उघडले इ.स. ९८१-८२ च्या सुमारास! ज्या ग्रंथात ही कथा आहे त्याच्या कर्त्यानेच खाली प्रामाणिकपणे नोंदविले आहे की, आपल्या मते राझी अझुदुद्दौलाच्या आधीचा. हा ग्रंथकार म्हणजे दमास्कसचा हकीम इब्न अबी उसैबिया. तेराव्या शतकात त्याने पावणेचारशेंहून अधिक वैद्यांची चरित्रे लिहिली. पुढील बरीचशी माहिती त्याच्याच ग्रंथातील आहे. कथा खोटी असो. परंतु लोकांना ती सांगावीशी वाटली, यावरून एवढे तरी दिसते की रुग्णालयाचे प्रमुखपद निवड होऊन मिळावे, अशी समाजाची अपेक्षा तेव्हा तयार झालेली होती.

अपेक्षा वेगळी आणि व्यवहार वेगळा. याचा एक मजेदार पुरावा आहे. इ.स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावल्याचे खलिफा मुक्तदिरच्या कानी गेले. त्याने हुकूम काढला की, यापुढे परीक्षा दिल्याशिवाय बगदादेत कोणी वैद्यकी करू नये. परीक्षक नेमला सिनान इब्न साबित. हा हर्रानच्या साबिई पंथातील घराण्यात जन्मलेला, मोठ्या गणितज्ञाचा मुलगा, आणि बगदादच्या रुग्णालयांवरील प्रमुख अधिकारी. नामांकित आणि दरबारी हकीम सोडून नदीच्या दोन्ही तीरांवरचे आठशे साठांवर लोक परीक्षेला आले. त्यांत एक रुबाबदार म्हातारा होता. कपडे उत्तम, चेहरा भारदस्त. सिनानने त्याला मानाने जवळ बसविले, आणि बाकीचे गेल्यावर विचारले, शेखसाहेब, आपले गुरू कोण? म्हाताऱ्याने अस्तनीतून दिनारांची पुडी काढून पुढे ठेवली. म्हणाला, मला धड लिहिता-वाचता येत नाही, पण घरी खाणारी तोंडे आहेत, माझी रोजी तोडू नका. सिनान हसला. म्हणाला, न कळणाऱ्या रोगाला हात लावणार नाही, आणि साध्या दुखण्यावाचून रक्त काढा, जुलाब घ्या असे सांगणार नाही, या अटीवर जा. म्हातारा म्हणाला, मी तर जन्मभर सिकंजबीन आणि जुलाब यांपुढे गेलोच नाही. (येथे जुलाब म्हणजे गुलाबपाण्याचे सरबत, हे सांगितले पाहिजे, नाहीतर अनर्थ व्हावयाचा!) दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण परीक्षेला आला. गुरू कोण? वडील. वडील कोण? काल आपल्याकडे आले होते ते. सिनान म्हणाला, वडिलांच्याच वाटेने चाल, तिच्यापलीकडे जाऊ नकोस.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. नंतर एक सहकारी म्हणाले, "सर, पण त्याने पास केलेच ना!" खरे आहे. आठशे साठ जणांची परीक्षा घेणाऱ्याला सगळ्यांची चूल विझविता येत नाही. मला त्यात सिनानचा धूर्तपणाही दिसतो आणि दयाही. कायद्याच्या कागदावर म्हातारा नापास व्हावयास हवा होता. सिनानने त्याला सरबतापुरता हकीम ठेवला, आणि सरबताने कोणी मरत नाही.

याच सिनानला वजीर अली इब्न ईसा याने एक हुकूम पाठविला होता. तुरुंगात दाटी फार, जागा वाईट, तेथे आजार होणारच, आणि कैदी तर उठून हकिमाकडे जाऊ शकत नाहीत. तेव्हा रोज वैद्य आणि औषधे तुरुंगात जावीत. तसेच खेड्यापाड्यांतून फिरता दवाखाना जावा. फिरते पथक एका ज्यू वस्तीच्या भागात पोहोचले तेव्हा सिनानने विचारणा केली की, यांनाही औषध द्यावयाचे ना? वजिराने होकार दिला, गुराढोरांनाही द्या म्हटले, मात्र क्रम लावून दिला : जनावरांआधी माणसे, आणि इतरांआधी मुसलमान. आजच्या आपल्या दृष्टीला हा क्रम खटकतो, आणि खटकावयासच हवा. तरीही प्रश्न विचारणारा प्रमुख वैद्य स्वतः दुसऱ्या पंथात जन्मलेला, आणि उत्तर देणारा राज्याचा वजीर, हे दृश्य त्या काळातले आहे, हेही विसरून चालणार नाही.

आता अझुदी रुग्णालयाकडे वळू. तेथे प्रारंभी चोवीस वैद्य नेमले होते : अंगदुखण्याचे, डोळ्यांचे, शस्त्रक्रियेचे आणि हाडे बसविणारे. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. जिब्राईल नावाचा, बुख्तीशू या प्रसिद्ध ख्रिस्ती वैद्यघराण्यातील हकीम आठवड्यातून दोन दिवस व दोन रात्री तेथे असे. स्पेनहून आलेला प्रवासी इब्न जुबैर इ.स. ११८४ मध्ये बगदादला आला तेव्हा त्याने पाहिले की, वैद्य दर सोमवारी व गुरुवारी येतात, रोग्यांची पाहणी करतात, काय द्यावयाचे ते सांगतात. औषधे व अन्न तयार करणारे नोकर वेगळे. अब्बांच्या "मिनिटभरच का?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले. मोठा वैद्य खाटेपाशी राहत नाही; तो खाटेपाशी येतो. राहणारे दुसरे असतात. प्रमुखाला तेथे साऊर म्हणत. हा मूळ सिरियाक शब्द, आणि त्याचा अर्थ भेट देणारा, पाहणी करणारा.

या साऊरांत इब्न तिल्मीझ हा मला फार आवडला. हा ख्रिस्ती, त्यातही धर्मगुरू. त्याने लिहिलेल्या औषधपाठांवर अझुदी रुग्णालय चाले. नव्वदी ओलांडून इ.स. ११६५ मध्ये तो वारला. त्याचे घर निजामिया मदरशाला लागून होते. मदरशातील कोणी फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा अभ्यासक, आजारी पडला की हा त्याला उचलून आपल्या घरी आणी, बरा होईपर्यंत सांभाळी, आणि निरोप देताना हातावर दोन दिनार ठेवी. परगावची पोरे, शिकायला आलेली, तापाने फणफणलेली. त्यांना वसतिगृहाच्या कोपऱ्यात कोण विचारतो? ज्यांनी वसतिगृहात दिवस काढले आहेत, त्यांना त्या दोन दिनारांची किंमत वेगळी सांगावयास नको.

परंतु प्रमुख वैद्याचा एक पुरा दिवस पाहावयाचा असेल तर दमास्कसला गेले पाहिजे. तेथे नूरुद्दीन झंगी याने इ.स. ११५४ मध्ये रुग्णालय बांधले आणि त्याच्या खर्चासाठी वक्फ लावून दिला. (आपल्या दख्खनमध्येही असे घडले आहे. फरिश्ता लिहितो की, बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने पंधराव्या शतकात बीदरला रुग्णालय बांधले, त्याला गावे तोडून दिली, आणि हिंदू व मुसलमान दोन्ही वैद्य नेमले.) नूरुद्दीनने प्रमुख नेमला अबुल मज्द इब्न अबिल हकम. हा सकाळी प्रत्येक रोग्यापाशी जाई. त्याच्याबरोबर देखरेख करणारे आणि सेवक असत. ज्याच्यासाठी जे औषध, जो आहार तो लिहील, तो विनाविलंब दिला जाई. हे आटोपले की तो किल्ल्यात जाऊन सरदार मंडळींची दुखणी पाही. आणि तेथून घरी न जाता परत रुग्णालयात येई! मोठ्या दालनात बैठक अंथरलेली असे. नूरुद्दीनने दान केलेले वैद्यकग्रंथ तेथेच दोन कपाटांत होते. शहरातील हकीम आणि विद्यार्थी समोर बसत. तीन तास चर्चा आणि वाचन चाले. मग तो उठून घरी जाई.

गरीब आधी, सरदार नंतर, आणि त्यानंतर पुन्हा विद्यार्थी. हे वेळापत्रक मी वहीत उतरवून ठेवले आहे. इब्न जुबैरने तेथील नोंदवह्याही पाहिल्या. त्यांत रोग्यांची नावे आणि प्रत्येकासाठी लागणारा खर्च लिहिलेला असे. रोजचा एकूण खर्च सुमारे पंधरा दिनार होता.

याच रुग्णालयात अगदी खालच्या पायरीवरून वर गेलेला एक माणूस आहे, आणि मुलांना मी सांगतो ती त्याचीच हकीकत. मुहज्जबुद्दीन अब्दुर्रहीम, ज्याला सगळे दख्वार म्हणत, हा इ.स. ११७० मध्ये दमास्कसला जन्मला. बाप डोळ्यांचा वैद्य, भाऊ डोळ्यांचा वैद्य. डोळ्यांचे काम करणाऱ्याची पायरी त्या काळी सर्वांगाचा विचार करणाऱ्या हकिमाच्या खालची. दख्वारही प्रथम नूरी रुग्णालयात डोळ्यांचेच काम करी. पण तेवढ्यावर त्याचे समाधान नव्हते. तो रझीउद्दीन रहबीकडे शिकला, इब्न मतरानकडे शिकला, फख्रुद्दीन मारदीनी दमास्कसला आला तेव्हा त्याच्यापाशी बसून इब्न सीनाचा 'कानून' वाचला. ग्रंथ विकत घेणे सोपे नव्हते. त्याने स्वतःच्या हाताने शंभरांहून अधिक ग्रंथांच्या नकला केल्या. छापील पुस्तकाची झेरॉक्ससुद्धा दुसऱ्याकडून मागणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हा आकडा खरा वाटत नाही!

पुढे सुलतान आदिलच्या नोकरीत त्याला घेण्याची बोलणी सुरू झाली. देऊ केलेला पगार तेथील जुन्या हकिमाच्या पगाराहून बराच कमी होता. दख्वारने साफ नाकारला. माझी विद्येतील पायरी मला ठाऊक आहे, तिच्याखाली मी येणार नाही, असा त्याचा जबाब. मित्रांनी वेड्यात काढले असेल. काही काळाने तो जुना हकीम वारला आणि दख्वारला बोलावणे आले. यथावकाश मिसर आणि शाम या दोन्ही मुलखांतील वैद्यांचा तो रईस, म्हणजे प्रमुख, झाला. त्याच्याच काळात डोळ्यांच्या वैद्यांची तपासणी होऊन लायक ठरलेल्यांना लेखी दाखले देण्याची व्यवस्था झाली.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या पदाची शिडी दरबारातून जात होती. सुलतानाचे पोट दुखले आणि तुमच्या औषधाने थांबले, तर तुमचे भाग्य. स्त्रिया तर या शिडीवर दिसतच नाहीत. स्पेनमध्ये इब्न जुहरची बहीण आणि भाची वैद्यकात निष्णात होत्या आणि राजघराण्यातील स्त्रियांना तपासीत असत, एवढी नोंद आहे; पण त्यांना कोणी रुग्णालयाचे प्रमुख केले नाही. आमच्या शाळेत डॉक्टरकीसाठी वर होणाऱ्या हातांत मुलींचे हात अधिक असतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

सुलतान आदिल इ.स. १२१८ मध्ये वारला. त्यानंतर दख्वार दमास्कसला परतला आणि नूरी रुग्णालयात पुन्हा रोगी पाहू लागला. इब्न अबी उसैबिया, तो चरित्रकार, तेव्हा तेथे विद्यार्थी होता. म्हणून हा भाग त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलेला आहे, आणि तसा तो जिवंत उतरला आहे. रुग्णालयात एकाच वेळी तीन गुरू होते : म्हातारा रहबी, दख्वार, आणि इम्रान नावाचा ज्यू हकीम. दख्वार आणि इम्रान मिळून रोगी पाहत, आपापसांत चर्चा करीत. ते पाहून झाले की विद्यार्थी रहबीजवळ जाऊन बसे आणि तो रोग कसा ओळखतो, काय लिहून देतो, हे न्याहाळी. रहबी मोठा हट्टी. मुसलमानेतरांना तो वैद्यक शिकवीत नसे. जन्मात त्याने दोघांचाच अपवाद केला, तोही फार गळ पडली म्हणून. एक इब्राहीम सामिरी आणि दुसरा हाच इम्रान. दोघेही नामवंत निघाले. आपण दार लावून बसलो असता काय गमावले असते, ते म्हाताऱ्याला त्याच वॉर्डात रोज समोर दिसत होते. त्याला त्यावर काय वाटे, ते ग्रंथात नाही. मला मात्र त्या तिघांच्या जवळजवळच्या बैठका डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एक दिवस पिसाळल्यासारखा बडबडणारा, आवरत नसलेला एक रोगी आला. दख्वारने सांगितले, सातूच्या पेजेत अफू घाला, चांगली भरपूर घाला. तसे केले, आणि त्या माणसाचे वेड उतरले. विद्यार्थ्याने हे लिहून ठेवले आहे. सिनानच्या म्हाताऱ्याने सरबतापुढे पाऊल टाकले नाही, आणि त्याने ते टाकू नये हेच बरे. येथे मात्र अफूचे प्रमाण थोडे चुकते तर रोगी पुन्हा उठला नसता. या दोन हकिमांमधले अंतर म्हणजेच ती शंभर नकलांची, तीन गुरूंची आणि हजारो खाटांपाशी उभे राहण्याची वर्षे. अब्बांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मला या अफूच्या पेजेत सापडले. निर्णयाला मिनिट पुरते. ते मिनिट मिळवायला तीस वर्षे जातात. अब्बांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "ते ठीक. पण मिनिटभर माझ्याशीही बोलला असता तर काय बोट बुडत होती?" यावर माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही. राझी गरिबांशी बोलत असे, एवढेच मला माहीत.

संध्याकाळी दख्वारच्या घरी वर्ग भरे. विद्यार्थी पाळीपाळीने ग्रंथ वाचीत आणि तो समजावून सांगे. त्या ग्रंथाची स्वतःची प्रत हातात धरल्याशिवाय तो शिकवीत नसे. वाचणाऱ्याच्या प्रतीत चूक असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करी. या शिष्यांत इब्न नफीसही होता. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून नव्हे, तर फुप्फुसांतून फिरून डाव्या कप्प्यात येते, हे त्याने पुढे इ.स. १२४२ च्या सुमारास लिहिले. तो लेख शतकानुशतके विस्मृतीत गेला आणि इ.स. १९२४ मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या एका मिसरी डॉक्टरच्या नजरेला पडला. इब्न नफीस मिसरमध्ये वैद्यांचा प्रमुख झाला, आणि इ.स. १२८८ मध्ये मरताना आपले घर व पुस्तके कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन गेला. ते रुग्णालयही नूरी रुग्णालयाचेच ऋणी. सुलतान कलाऊन राजा होण्यापूर्वी दमास्कसला पोटशुळाने आजारी पडला होता, नूरी रुग्णालयातील औषधांनी बरा झाला, आणि आपणही असे बांधू असा त्याने नवस केला होता. चमत्कार असा की, पावणेचारशेंवर वैद्यांची चरित्रे लिहिणाऱ्या इब्न अबी उसैबियाने आपल्या या गुरुबंधूचे चरित्र मूळ ग्रंथात घातले नाही. गुरुबंधूंचे नेहमीच पटते असे नाही, हे शाळेत काम करणाऱ्यांना माहीत आहेच.

घर देण्याची ही रीत इब्न नफीसच्या गुरूचीच. दख्वारने इ.स. १२२५ मध्ये दमास्कसमधील आपले राहते घर वैद्यकाच्या मदरशासाठी वक्फ केले, आणि शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या खर्चासाठी जमिनी लावून दिल्या. अखेरीस त्याची जीभ जड झाली. बोललेले कळेना. तरीही वर्ग बंद पडला नाही. विद्यार्थी त्याच्यासमोर बसून आपसांत चर्चा करीत, कोठे अडले की त्याच्याकडे पाहत, आणि तो पाटीवर लिहून उत्तर देई.

इ.स. १२३० मध्ये तो वारला. मदरसा पुढच्या वर्षी सुरू झाला. पहिला शिक्षक कोण असावा, हे त्याने आधीच लिहून ठेवले होते : आपला गुरू रहबी याचा मुलगा, शरफुद्दीन.